उघाडीवरची पोचम्मा

आषाढातल्या मंगळवारी उघाडीकडून ढोल ऐकू यायला लागला की मनुबाई घराचं मागचं दार लावून घ्यायची. दार लावून ढोल थांबत नाही, हे काय तिला कळत नव्हतं? पण लावायची. मग चुलीपाशी बसून तांदूळ निवडायची आणि कल्पिता, तिची सून, बाजूने गेली की म्हणायची, "वाजवतायत बघ. जशी काय देवी फक्त त्यांनाच पावते."

थळच्या अलीकडे खाडीला लागून पिंपळखार आहे. दीड-दोनशे घरांचं गाव, पूर्वी मिठागरावर आणि खाजणातल्या भातावर जगणारं. आता घरोघरी ट्रेलर नाहीतर टेम्पो. गावाच्या मध्यावर जाखमातेचं देऊळ, आणि त्या देवळाचा मान भगतांच्या घराकडे. मनुबाई त्या घरची सून. सासरे बाबाजी भगत गेल्यापासून, म्हणजे पंचवीस वर्षं, देवळाची चावी मनुबाईच्याच कमरेला; नवरा नामाही नऊ वर्षांपूर्वी गेला, मुलगा दिपेश ट्रेलर घेऊन उरणच्या बाजूला असायचा. सकाळी दार उघडायचं, झाडलोट करायची, दिवा लावायचा. जत्रेला पहिली ओटी तिची. गावात बाईमाणसाला याहून मोठा मान तो कोणता?

आणि गावाबाहेर उघाडीवर कामाठ्यांची देवी, पोचम्मा. उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं पाण्याचं तोंड, भरतीला बंद करायचं आणि ओहोटीला उघडायचं. तिथे एक कडुनिंब आहे, त्याच्या सावलीत ते देऊळ. गाववाले त्या लोकांना कामाठी म्हणत, ते स्वतःला पालमूरचे म्हणत. मनुबाईला त्या देवळाचा राग होता असं गावात सगळे धरून चालत. राग नव्हता तो. राग आला की माणूस बोलून मोकळा होतो. मनुबाईच्या पोटात होता तो हेवा, आणि तो देवळाचा नव्हता, नरसम्माचा होता. चव्वेचाळीस वर्षांचा, म्हणजे दिपेशपेक्षाही जुना.

त्याची सुरुवात खताचा कारखाना बांधायला काढला तेव्हाची. मोठमोठे खड्डे खणायचे होते, भराव टाकायचे होते, आणि त्या कामाला तेलंगणातल्या पालमूर भागातून माणसांच्या टोळ्या आल्या. पालमूरकडे तेव्हा पाऊस नव्हता, म्हणून बायकापोरांसकट निघालेली माणसं. त्यांनी खाजणाच्या कडेला झोपड्या टाकल्या. पाणी प्यायला खारं, म्हणून त्यांच्या बायका गावात यायच्या, आणि भगतांची विहीर सगळ्यांत जवळ.

मनुबाई तेव्हा एकोणीस वर्षांची, लग्नाला तीन वर्षं झालेली, मूल नाही. नरसम्मा तिच्याहून दोन-चार वर्षांनी मोठी. कडेवर सहा महिन्यांचा मुलगा, डोक्यावर हंडा, त्यावर कळशी, आणि चालताना एक थेंब सांडायचा नाही. पहिल्यांदा दोघींना एकमेकींची बोली कळत नव्हती. मनुबाई बोट दाखवून म्हणायची "रहाट", ती म्हणायची "रहाट". मग ती तिचा शब्द सांगायची आणि मनुबाईची जीभ वळायची नाही, की दोघी हसायच्या. दोन महिन्यांत नरसम्मा मोडकंतोडकं मराठी बोलायला लागली. तिचा नवरा बालय्या टोळीचा मुकादम होता. विहिरीच्या काठावर बसून दोघी एकमेकींच्या डोक्यातल्या उवासुद्धा काढायच्या. मनुबाईला माहेर सुटल्यापासून पहिल्यांदाच मैत्रीण मिळाली होती.

पण घरातली माणसं नरसम्माचं कौतुक करायला लागली. सासू म्हणाली, बाई बघ, मातीच्या पाट्या वाहून येते आणि तरी हंडा असा उचलते. नामा म्हणाला, काय अंगात बळ हाय. तो सहज म्हणाला आणि विसरला. मनुबाई विसरली नाही. त्यात ते मूल. नरसम्मा पाणी शेंदताना मुलाला मनुबाईच्या मांडीवर द्यायची, आणि ते तिच्या मांडीवर रडायचं. आईने घेतलं की गप. मनुबाई हसून म्हणायची, द्वाड हाय तुझा पोरगा.

त्या वर्षी आषाढात झोपड्यांत गोवर आला. पाच-सहा मुलं तापाने फणफणली, त्यात नरसम्माचाही मुलगा. त्यांच्या गावी अशा वेळी बायका दूध-गुळात भात शिजवून, मडक्याला हळदकुंकू लावून, कडुनिंबाचा पाला बांधून, वर दिवा ठेवून ती मडकी डोक्यावरून पोचम्माला नेत. इथे पोचम्मा कुठली? नरसम्मा मनुबाईला म्हणाली, तुमची जाखमाता पण आईच ना. आमी तिच्याकडे आणतो. सासऱ्याला विचारशील?

मनुबाईने विचारलं. बाबाजी भगत ओटीवर विडी ओढत बसले होते. त्यांनी विडी विझवली. "ईचारायचं काय त्यात? लेकरं आजारी हायत. मंगळवारी या म्हनावं, सकाळीच. मी दार उघडून बसतो."

मनुबाई निरोप घेऊन बांधावरून निघाली. वाटेत तिच्या मनात आलं ते एवढंच, की मंगळवार तिचा होता. मूल व्हावं म्हणून तिने एकवीस मंगळवार धरले होते आणि येता मंगळवार एकोणिसावा. ती एकटी जायची, ओटी भरायची, देवीच्या पायाशी बसून मनातलं बोलायची. आता तिथे पन्नास बायका येणार, मडकी घेऊन, दिवे घेऊन, गाणी म्हणत. पुढे नरसम्मा, कडेवर मुलगा. त्या गर्दीत जाखमाता आपल्याकडे बघणार कशी? देवी तिलाच बघेल. सगळे तिलाच बघतात.

झोपडीशी पोचेपर्यंत तिचं ठरून गेलं होतं. नरसम्मा मुलाच्या अंगावर पाला फिरवत बसली होती. तिने नुसतं वर पाहिलं.

"न्हाय म्हनाले," मनुबाई म्हणाली. "बाहेरच्यांना न्हाय चालत."

नरसम्माने पुन्हा विचारलं नाही. तिने मान हलवली आणि पाला फिरवत राहिली. घरी येऊन मनुबाईने सासऱ्यांना सांगितलं, त्यांचं त्यांनी दुसरीकडे बघितलं हाय, येत न्हायत.

मंगळवारी सकाळी मनुबाई जाखमातेची ओटी भरत होती, तेव्हा उघाडीकडून ढोल आणि बायकांचं गाणं ऐकू आलं. कडुनिंबाखाली त्यांनी तीन दगड मांडले होते, खाडीच्या काठचे काळे दगड, आणि त्यांना हळद फासून तीच पोचम्मा केली होती. त्या दिवशी मनुबाई देवीशी एक शब्द बोलू शकली नाही.

गोवर ओसरला. नरसम्माचा मुलगा वाचला. दगड तिथेच राहिले.

कारखाना उभा राहिल्यावर बहुतेक टोळ्या निघून गेल्या, पण बालय्या-नरसम्मा आणि आणखी बारा घरं राहिली. इकडे बंगले होत होते, कंपाउंड होत होती, गवंडीकामाला माणूस लागत होता. आठवडाभर ते दुसऱ्यांची घरं बांधायचे आणि रविवारी आपल्या देवीचं काम काढायचे. आधी चार बांबूंवर पत्रा. मग दगडी जोतं. कुठल्या बंगल्याच्या कामातल्या उरलेल्या विटा, कुठल्या मालकाने फेकून दिलेल्या फरशीचे तुकडे. त्या तुकड्यांची त्यांनी जमिनीवर अशी नक्षी बसवली की अलिबागहून कुणी बघायला आलं होतं म्हणे. एक गवंडी मेला की त्याचा मुलगा तिथे एक थर रचायचा. अशा तऱ्हेने वीस-पंचवीस वर्षांत ते देऊळ वर आलं. बालय्याने कळस बघूनच डोळे मिटले.

दरम्यान मनुबाईला दिपेश झाला होता. तिला वाटलं, आता सुटले. कूस भरली, आता कुणाचं काय बघायचं? पण हेवा एकदा घरात शिरला की कारण संपलं म्हणून उठून जात नाही. दिपेश झाला तसे नरसम्माला आणखी दोन मुलगे झाले. दिपेश दहावीला अडकला, नरसम्माची नात पदवीधर झाली. मनुबाईचे गुडघे गेले, नरसम्मा मोठी असून ताठ. भेटल्या की दोघी बोलायच्या, तब्येत विचारायच्या, सणाला ताट जायचं-यायचं. नरसम्माकडून आलेल्या ताटातली गुळाची पोळी मनुबाई तुकडा मोडून चाखायची, आणि चांगली झालीय हे कळलं की उरलेली गाईला घालायची.

मग गावातल्या बायका उघाडीवर जायला लागल्या. कुणाच्या मुलाला कांजण्या, कुणाची परीक्षा, कुणाचं असंच. नरसम्मा येणाऱ्या बाईला पाटावर बसवायची, तिच्या पायांना घोट्यांपर्यंत हळद लावायची, मग देवीपुढे न्यायची. त्यामुळे कोण जाऊन आलं ते लपायचं नाही. जाखमातेच्या पायरीवर बसून मनुबाई येणाऱ्याजाणाऱ्या बायकांचे पाय बघायची. धर्माजीची सून पिवळी. शाळेतली बाई पिवळी. निसर्ग वादळात जाखमातेच्या देवळाची कौलं उडाली तेव्हा कामाठ्यांच्या गवंड्यांनी चार दिवसांत छप्पर घातलं, भिंतींना गिलावा केला आणि चहाशिवाय काही घेतलं नाही. सगळं गाव वाखाणत होतं. मनुबाईला मात्र त्या गुळगुळीत भिंतीकडे बघवत नव्हतं. आपल्या देवीच्या अंगावर तिच्या लोकांचा हात, असं तिला वाटायचं.

आणि दोन वर्षांपूर्वी एका मंगळवारी कल्पिता घरी आली, तिने मोरीवर पाय धुतले, आणि पाणी पिवळं वाहिलं.

मनुबाईने काही वेळ पाण्याकडे पाहिलं. "आपल्या घरात देऊळ असताना?" ती म्हणाली.

कल्पिता शांत मुलगी होती, उलट बोलणारी नव्हती. पाय पुसत म्हणाली, "तिथं मला कोन बघत बसत न्हाय, आई."

ते मनुबाईला लागलं, आणि तिने ते नरसम्माच्याच नावावर मांडलं.

या वर्षी उघाडीवरच्या देवळाचं नवं शिखर पुरं झालं. आषाढात मोठा बोनालचा, म्हणजे देवीला भाताची मडकी नेण्याचा, सण करायचा आणि सोबत देवळाचा इतिहास छापायचा असं त्यांनी ठरवलं. लिहायचं काम नरसम्माच्या नातीकडे, मौनिकाकडे. अलिबागच्या कॉलेजात शिकलेली, मराठी इतकी सफाईदार की डोळे मिटून ऐकलं तर इथलीच. ती वही आणि मोबाईल घेऊन मनुबाईकडे आली. आजीला, नरसम्माला, ती अव्वा म्हणायची. म्हणाली, "अव्वा सांगते, अगदी पहिलं काय झालं ते मनूआजीला विचार. त्या होत्या तेव्हा."

मनुबाईला आधी बरं वाटलं. खुर्ची दिली, सरबत दिलं. मौनिकाने आधी लिहिलेली पानं वाचून दाखवली. नरसम्माने दगड मांडले, नरसम्माने गाणं धरलं, नरसम्माने पहिल्या रविवारी जोत्याचा दगड डोक्यावरून आणला. पानापानावर तीच. मनुबाई ऐकत होती. मौनिकाने विचारलं, "ते तीन दगड कुठले होते, आजी? अव्वा म्हणते खाडीवरचे."

"खाडीवरचे?" मनुबाई म्हणाली. "एक आमच्या जाखमातेच्या आवारातला. न ईचारता नेला तिनं. लिही तसं."

मौनिकाचा हात थांबला. तिने मनुबाईकडे पाहिलं, वही मिटली आणि सरबत संपवून गेली.

एवढ्यावर राहिलं असतं तर ठीक. पण मनुबाईने तेच संध्याकाळी देवळाच्या पायरीवर दोघीतिघींना सांगितलं, आणि दोन दिवसांत ते शिवदासच्या कानावर गेलं. शिवदास गावच्या मंडळाचा अध्यक्ष. जमिनींचे व्यवहार करायचा, गळ्यात जाडी साखळी, आणि उघाडीवर येणारी गर्दी त्याच्याही डोळ्यांत सलत होती. त्याने धरलंच. आपला देव त्यांनी नेला, जागा गावची, आणि आपण गप्प? त्याचं म्हणणं असं, की दगड परत यावा, नाहीतर तिथे जाखमातेच्या नावाची पाटी लागावी आणि कारभार गावाकडे यावा. दहा-पंधरा तरुण त्याच्या मागे उभे राहिले. रविवारी सकाळी जाखमातेच्या मंडपात बैठक ठरली.

बैठकीला पालमूरचे सात-आठ जण आले आणि कडेला उभे राहिले. नरसम्मा पायरीवर बसली. शिवदासने मनुबाईला विचारलं. आता मागे फिरायची सोय नव्हती. मनुबाई म्हणाली, व्हय, मी पाहिला होता, मंडपाच्या उजव्या बाजूचा काळा दगड. बोलताना तिने नरसम्माकडे पाहिलं नाही.

शिवदास नरसम्माकडे वळला.

"मनूबाय बोलते तर तसंच आसंल," नरसम्मा म्हणाली. "आमी तेव्हा कुठून काय आणलं, माझ्या ध्यानात न्हाय. तुमचा दगड तुमी घेऊन जावा. तिन्ही घ्या. आमी नवीन मांडू. फक्त झाडाला हात लावू नका."

भांडणाची तयारी करून आलेल्या शिवदासने मंगळवारी दगड आणायला येऊ, एवढं म्हणून बैठक संपवली.

आणि मग मनुबाईला जे ऐकावं लागलं ते तिने कधी कल्पिलं नव्हतं. त्या दुपारी गावात नरसम्माशिवाय दुसरा विषय नव्हता. धर्माजी, वयाने ऐंशीला आलेला, कुणाचं कौतुक न करणारा, तोसुद्धा म्हणाला की असं मन पाहिजे, चव्वेचाळीस वर्षं पुजलेला देव उचलून देते बाई. भिकू न्हावी म्हणाला, मला तर लाज वाटली. घरी कल्पिताने पान वाढून नुसतं समोर ठेवलं. दिपेशचा फोन आला, त्यालाही कळलं होतं. तो एवढंच म्हणाला, "आई, तू बरी हायस ना?"

मनुबाईला पश्चात्ताप झाला असं म्हटलं तर खोटं होईल. तिचा जळफळाट झाला. खोटं बोलून तिने नरसम्माला खाली ओढायला पाहिलं आणि ती होती त्याहून उंच जाऊन बसली. मनुबाईला एकच सुचलं, की हा मोठेपणा मोडायचा. आणि तो मोडायला आता तिच्याकडे खरं सोडून दुसरं काही उरलं नव्हतं. आपण खरं सांगितलं तर दगड दिल्याचं पुण्य तिला लागणार नाही. शिवाय ते देऊळ उभं राहिलंच मुळी आपल्या एका शब्दामुळे. आपण "न्हाय" म्हटलं म्हणून ती पोचम्मा तिथे आहे. नरसम्माला हे कळू दे, की हिच्या सगळ्या इतिहासाच्या मुळाशी मनुबाई बसलीय.

सोमवारी सकाळी ती काठी टेकत बांधावरून गेली. बऱ्याच वर्षांनी त्या वाटेने गेली. नरसम्मा देवळाच्या मागे कडुनिंबाखाली बसून पत्रावळी मोजत होती. तिने उठून पाट दिला, पाणी आणलं. मनुबाईने पाणी बाजूला ठेवलं.

"दगड आमचा न्हाय," ती म्हणाली. "मी खोटं बोलले."

"मला ठाऊक हाय. मीच आणला ना खाडीवरनं."

"आणि त्या वर्षी सासरे न्हाय म्हनाले नव्हते. ते या म्हनाले होते. मीच तुला न्हाय सांगितलं."

हे बोलताना मनुबाईने मान वर ठेवली होती. ती वाट बघत होती.

"ते पण ठाऊक हाय," नरसम्मा म्हणाली.

मग तिने सावकाश सांगितलं. पुढल्या वर्षी आषाढात बाबाजी भगत स्वतः उघाडीवर आले होते. गेल्या साली का आला नाहीत म्हणून विचारायला. तेव्हाच तिला सगळं उमगलं. बाबाजींनी पुन्हा बोलावलं, या वर्षी तरी या म्हणाले. बालय्याचं जायचं मन होतं. नरसम्माच नको म्हणाली.

"का?" मनुबाईने विचारलं.

"तुमच्या देवळात आमी पाव्हणे. ईथं बायका आमच्या बोलीत गायल्या, वरडल्या, रडल्या. कुणी बघत न्हवतं. तू न्हाय बोललीस तर एक वरीस रडू आलं मला. तू व्हय बोलली असतीस तरी आमी एक-दोन सालांनी दगड मांडलेच असते, मनूबाय. माणसाला आपली जागा लागते."

चव्वेचाळीस वर्षं जे तिने पोटाशी धरलं होतं, ज्याच्या भीतीने ती कधी या आवारात आली नव्हती आणि ज्याचा मनातल्या मनात तिला थोडा तोराही होता, त्याची इथे कुणाला गरजच नव्हती. तिच्या पापालासुद्धा या देवळाच्या गोष्टीत जागा नव्हती. तिला रडू आलं ते या गोष्टीचं.

"मग काल बैठकीत गप का बसलीस?" ती जरा चिडूनच म्हणाली. "खोटं बोलते म्हनायचंस तोंडावर. मोठी व्हायला बसलीस पायरीवर."

नरसम्माने पत्रावळींची चवड खाली ठेवली. पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर काहीतरी कडू आलं.

"मोठी कसली? तू खोटं बोलतेस असं मी बोलले असते तर शिवदासची पोरं उठली असती. आमची पोरं पण गप बसली नसती. मग पोलीस, मग कोण कुठला, कागद दाखवा. माझ्या पोरांचा जलम ईथला, तरी नाव कामाठीच. मी भिऊन बोलले. ईतकी वर्षं मी तुमच्या गावात भिऊनच बोलते."

खाडीला ओहोटी लागली होती. उघाडीतून पाणी खळखळत बाहेर पडत होतं. मनुबाईला आठवत राहिलं ते नरसम्माचं हसू, सणाची ताटं, फुकट घातलेलं छप्पर, पायांना लावलेली हळद. यातलं किती मायेचं आणि किती भीतीचं, हे आता तिला कधीच सांगता येणार नव्हतं. जिचा आपण जन्मभर हेवा केला ती आपल्याला घाबरून होती. मनुबाईने बाजूला ठेवलेलं पाणी घेतलं आणि पिऊन टाकलं.

तिथून ती घरी गेली नाही. तशीच काठी टेकत शिवदासच्या दारात गेली. तो अंगणात गाडी धूत होता, सोबत तीन-चार पोरं होती. तिने सगळ्यांदेखत सांगितलं की दगड आपला नाही, मी खोटं बोलले, उद्या कुणी उघाडीवर जायचं नाही. शिवदासने विचारलं, कुणी धमकावलं का, कामाठ्यांनी काही केलं का. "माझ्या पोटात जळत हुतं म्हनून बोलले," ती म्हणाली. "लिहून घे पाहिजे तर." पोरांपैकी एकजण हसला. शिवदासने नळ बंद केला आणि म्हणाला, तुमच्या नादाने आमची शोभा झाली.

ती शोभा त्याने फुकट जाऊ दिली नाही. पुढच्या रविवारी पुन्हा बैठक झाली. देवीच्या मंडपात उभं राहून खोटं बोलणाऱ्या बाईच्या हाती देवीची चावी नको, असं ठरलं. मान भगतांच्या घरचा, तो मोडता येत नव्हता, म्हणून चावी कल्पिताकडे द्यावी असं धर्माजीने सुचवलं. मनुबाईने कमरेची चावी सोडून सुनेच्या हातात दिली. पंचवीस वर्षांत कमरेला तिचा वळ पडला होता. पुढे काही दिवस तिचा हात उगाच तिथे जायचा.

बोनालचा सण झाला. पन्नास-साठ मडकी निघाली, त्यात गावातल्या बायकांची अकरा. मनुबाई दाराशी उभी राहून बघत होती. दार तिने लावलं नाही, पण ती गेलीही नाही. पुढ्यातून जाताना नरसम्माने हात जोडले, हिनेही जोडले. मौनिकाचं पुस्तक वाटलं गेलं, ते कल्पिताने आणून फळीवर ठेवलं.

आता जाखमातेचं दार कल्पिता उघडते. तिने पहिल्याच आठवड्यात मंडपात दोन सतरंज्या घातल्या आणि दुपारी दार उघडं ठेवायला लागली. आधी धर्माजीची सून आली, मग शाळेतली बाई, मग हळूहळू मंगळवारच्या दुपारी वीस-पंचवीस बायका जमायला लागल्या. कुणी भाजी निवडतं, कुणी नुसतं पडतं. मौनिकासुद्धा येते. कोण कुठून आलं, कुणाचे पाय कसले, कुणी विचारत नाही. मनुबाईच्या घरापर्यंत त्यांचं हसणं ऐकू येतं.

पंचवीस वर्षं तिने देऊळ घासलं, पुसलं, एक दिवस दिवा चुकवला नाही, तेव्हा पायरीवर दोनचार म्हाताऱ्या बसायच्या. आणि हिने सतरंज्या टाकल्या काय आणि गाव लोटलं. एका मंगळवारी ती काहीतरी निमित्त काढून देवळात गेली. बायकांनी लगेच सरकून जागा दिली, कल्पिताने "या आई" म्हटलं, आणि तिला कळलं की ती येताच बोलणं थांबलंय. ती पाच मिनिटं बसली, समईची वात सरळ केली आणि निघाली.

घराकडे न वळता ती बांधाला लागली. नरसम्मा कडुनिंबाखालीच होती, चिंचा सोलत. मनुबाई तिच्यासमोर बसली, परातीतल्या मूठभर चिंचा आपल्याकडे ओढल्या आणि सोलायला लागली.

"सून माझी," शेवटी मनुबाई म्हणाली, "देऊळ काय, चावडी करून ठेवलीय तिनं. दिवसभर खिदळणं. आणि सगळ्या तिच्याच मागं."

नरसम्माने चिंचेतला चिंचोका काढून बाजूला टाकला.

"माझ्या थोरल्या सुनेनं काय केलं ऐकायचं हाय?" ती म्हणाली. "मी बांधलेलं जोतं, त्याच्यावर तिनं टाईल्स बसवल्या. मला न ईचारता. आणि सगळे बोलतात, काय छान, काय छान."

"कसल्या टाईल्स?"

"गुलाबी."

मनुबाईने मान वळवून जोत्याकडे पाहिलं. टाईल्स खरंच वाईट दिसत होत्या. तिने तसं सांगितलं, आणि नरसम्मा म्हणाली, बघ ना.